मोठ्या मुलांतील डांग्या खोकला : पालकांनी ओळखावा कसा, निभावावा कसा

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या आणि कार्यवृत्तांताच्या जोडीने एखादा आरोग्यविषयक लेख द्यावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी डांग्या खोकल्याचा विषय निवडल्याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा आजार आजीच्या पिढीचा. लसीकरणाने तो केव्हाच गेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. लसीकरणामुळे बालकांतील या रोगाचे प्रमाण आणि त्यापायी होणारे मृत्यू पुष्कळच कमी झाले. परंतु रोग नाहीसा झालेला नाही. शाळकरी मुले, किशोरवयीन मुले आणि प्रौढ यांच्यात तो सौम्य रूपाने वावरत राहतो आणि तेथून पुन्हा पाळण्यातल्या बाळापर्यंत पोचतो. हे आम्हांस एका अनुभवातून प्रकर्षाने जाणवले. तो अनुभव प्रथम सांगतो. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अकरा वर्षांच्या एका मुलीला तिची आई आमच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन आली. पाच-सहा दिवसांपासून खोकला होता. ताप नव्हता, छाती तपासता स्वच्छ होती. ऋतुबदलाचा खोकला समजून आम्ही साधे औषध दिले. आठवड्याने ती पुन्हा आली. खोकला रात्री वाढतो हे ऐकून दम्याची सुरुवात असावी, असा तर्क आम्ही केला आणि श्वासातून घ्यावयाचे औषध लिहून दिले. तिसऱ्या भेटीत, निघता निघता, आई सहज म्हणाली, “डॉक्टर, खोकता खोकता ती जेवलेले सगळे ओकून टाकते. आणि मग पाच मिनिटांत उठून अभ्यासाला बसते, जणू काही झालेच नाही.”

या एका वाक्याने निदानाची दिशा बदलली. मग आम्ही तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता : घरात आणखी कोण कोण आहे? मुलीची आत्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ सात आठवड्यांचे होते. सहाव्या आठवड्याची लस ‘थोडी सर्दी आहे’ म्हणून पुढे ढकलली होती. बाळ खोकत नव्हते. मात्र दूध पिता पिता मध्येच श्वास थांबल्यासारखे होते आणि ओठ काळेनिळे पडतात, असे आत्याला दोन दिवसांपासून वाटत होते. त्याच संध्याकाळी बाळाला दाखल करून घेतले. अतिदक्षता कक्षात बारा दिवस काढून ते सुखरूप घरी गेले. सगळीच बाळे अशी घरी परततात असे नाही.

त्या मुलीच्या खोकल्याचे निदान आम्हांस दोनदा हुकले, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मोठ्या मुलांत हा आजार आपल्या नेहमीच्या खुणेशिवाय येतो. ती खूण नसताना तो ओळखण्याचे सर्वांत चांगले साधन म्हणजे घरच्या माणसांचे निरीक्षण. प्रस्तुत लेखाचा हेतू ते निरीक्षण अधिक नेमके व्हावे, एवढाच आहे.

आजाराचे स्वरूप

डांग्या खोकल्याच्या साथीचे वर्णन गियोम द बायू या फ्रेंच वैद्याने १५७८ मधील पॅरिसच्या साथीवरून केले होते. रोगास कारणीभूत असलेला ‘बोर्डेटेला पर्ट्युसिस’ हा जिवाणू मात्र १९०६ मध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव जांगू यांनी वेगळा करून दाखविला. खोकताना वा शिंकताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून तो पसरतो. श्वासनलिकेच्या आतील बाजूस केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते केरसुणीप्रमाणे सतत हलून कफ आणि धूळ वर ढकलतात. हा जिवाणू नेमका त्या तंतूंना चिकटतो आणि आपल्या विषाने त्यांना निकामी करतो. केरसुणीच नाहीशी झाल्यावर साचलेला चिकट कफ बाहेर काढण्यास शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे जोराचा खोकला. तंतू पुन्हा पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागतात. म्हणूनच जिवाणू मेल्यानंतरही खोकला थांबत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास पुढील पुष्कळशी चिंता कमी होईल.

संसर्गानंतर साधारण ७ ते १० दिवसांनी, क्वचित ३ आठवड्यांनी, लक्षणे दिसू लागतात. पहिले एक-दोन आठवडे नाक वाहणे, शिंका, बारीक खोकला एवढेच असते. साध्या सर्दीहून ते वेगळे ओळखता येत नाही आणि दुर्दैव असे की, संसर्ग पसरण्याचा धोका याच काळात फार मोठा असतो. दुसऱ्या टप्प्यात खोकल्याच्या उबळी सुरू होतात. त्या एक ते सहा आठवडे, कधी दहा आठवड्यांपर्यंतही चालतात. तिसऱ्या टप्प्यात उबळी हळूहळू विरळ होतात. चीनमध्ये या रोगाला ‘शंभर दिवसांचा खोकला’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

मोठ्या मुलांत तो वेगळा का दिसतो?

लहान मुलांत या आजाराची ठळक खूण म्हणजे उबळ संपल्यावर श्वास आत ओढताना येणारा ‘हूप’ असा आवाज. जुन्या पिढीतील माणसे तो आवाज ऐकूनच रोग ओळखत. मोठ्या मुलांत हा आवाज पुष्कळदा येतच नाही. त्यांची श्वासनलिका रुंद झालेली असते आणि बालपणीच्या लसीची थोडीबहुत प्रतिकारशक्ती शिल्लक असते. ही शक्ती रोग टाळण्यास अपुरी, परंतु त्याचे रूप सौम्य करण्यास पुरेशी असते. लसीने मिळालेले संरक्षण कायमचे टिकत नाही. साधारण ४ ते १२ वर्षांत ते ओसरते. एकदा डांग्या खोकला होऊन गेल्यानेही जन्मभराचे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे ‘याच्या सगळ्या लसी झाल्या आहेत’ हे उत्तर बरोबर असूनही तेवढ्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही.

पालकांनी काय पाहावे?

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. खोकला उबळीने येतो का? म्हणजे एकापाठोपाठ एक, श्वास घेण्यास उसंत न देता, आणि चेहरा लाल होऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत?

२. उबळीच्या शेवटी उलटी होते का? मोठ्या मुलात ही फार महत्त्वाची खूण आहे.

३. दोन उबळींच्या मध्ये मूल अगदी ठीक दिसते का? दिवसा डॉक्टरांसमोर मूल हसतखेळत असते आणि रात्री घर जागे असते, असे या आजारात वारंवार घडते.

४. ताप नाही, किंवा अगदी किरकोळ आहे, असे आहे का?

५. हसणे, धावणे, थंड पाणी, धूर यांनी उबळ सुरू होते का?

६. घरात, वर्गात वा शिकवणीत आणखी कोणाला असाच लांबलेला खोकला आहे का?

शक्य असल्यास दोन-तीन दिवस उबळींची वेळ, त्यांची लांबी आणि उलटी झाली की नाही, एवढे वहीत टिपून ठेवावे. एखादी उबळ भ्रमणध्वनीवर चित्रित करून आणल्यास फारच उत्तम. तपासणीच्या दहा मिनिटांत उबळ येईलच असे नाही. ते चित्रण आम्हांस स्टेथास्कोपहून अधिक सांगते.

उबळींच्या ताणाने कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते. ते भीतिदायक दिसले तरी दृष्टीला त्याने सहसा अपाय होत नाही आणि ते आपोआप निवळते. उबळीत लघवी सुटणे, क्षणभर भोवळ येणे, बरगडी दुखावणे हेही घडू शकते. लघवी सुटण्याची गोष्ट किशोरवयीन मुली लाजेने सांगत नाहीत. आईने ती हळुवारपणे विचारावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. लांबलेला प्रत्येक खोकला डांग्या नसतो. दमा, सायनसचा दाह, इतर जंतूंचे संसर्ग, क्वचित श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा किंवा पेनाचे टोपण, ही कारणेही असू शकतात. आपल्या देशात दोन आठवड्यांवरील खोकल्यात क्षयरोगाचा विचार झालाच पाहिजे. त्याची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. म्हणून घरच्या घरी निदान न ठरविता डॉक्टरांकडे जावे.

तपासणी आणि औषधे

नाकाच्या मागील भागातील स्राव घेऊन जिवाणूंची वाढ करून पाहणे ही जुनी पद्धत. ती पहिल्या दोन आठवड्यांत उपयोगी पडते. पीसीआर तपासणी साधारण तीन-चार आठवड्यांपर्यंत रोग दाखवू शकते. त्यानंतर रक्तातील प्रतिद्रव्यांच्या तपासणीचा आधार घ्यावा लागतो. या सोयी सर्वत्र उपलब्ध नसतात. त्यामुळे लक्षणांच्या इतिहासावरून उपचार सुरू करण्याचा निर्णय अनेकदा घ्यावा लागतो आणि तो योग्यच असतो.

अॅझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके जिवाणूंना मारतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाल्यास त्यांनी आजाराची तीव्रता काहीशी कमी होऊ शकते. उबळी जोरात आल्यावर दिलेल्या औषधाने खोकला फारसा घटत नाही. मग ते द्यावयाचे कशासाठी, असे पालक विचारतात. याचे उत्तर असे की, तेव्हा ते औषध मुख्यतः इतरांसाठी असते. उपचार न घेतलेले मूल उबळी सुरू झाल्यापासून सुमारे ३ आठवडे संसर्ग पसरवू शकते. योग्य प्रतिजैविकाचे ५ दिवस पूर्ण झाल्यावर हा धोका संपतो. म्हणून ते पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये आणि औषध मध्येच बंद करू नये. खोकला सुरू होऊन ३ आठवडे उलटून गेल्यावर मात्र मोठ्या मुलाला प्रतिजैविकाचा सहसा उपयोग नसतो. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलत जाणे आणि प्रत्येक ठिकाणी अधिक जहाल प्रतिजैविक घेणे, हा पैशाचा आणि शरीराचा अपव्यय आहे.

खोकल्याच्या बाटल्यांबद्दलही स्पष्ट लिहिणे भाग आहे. या आजारात त्यांचा लाभ झाल्याचे दिसून आलेले नाही. लहान मुलांना खोकला दाबणारी औषधे स्वतःहून देणे तर धोक्याचे असते.

घरी सांभाळताना

औषधाने खोकला लगेच थांबणार नाही, हे एकदा मान्य केले की पुढील आठवडे निभावण्याचा विचार शांतपणे करता येतो.

उबळ आल्यावर मुलाला उठवून बसवावे, किंचित पुढे झुकू द्यावे आणि पाठीवर आश्वासक हात ठेवावा. पाठीत धपाटे घालू नयेत, उबळ चालू असताना तोंडात पाणी वा औषध घालू नये. जवळ भांडे व टॉवेल ठेवावा. घाबरलेल्या मुलाची उबळ लांबते; म्हणून मोठ्यांनी स्वर शांत ठेवणे हाच पहिला उपचार.

एकाच वेळी पोटभर जेवण देण्याऐवजी थोडे थोडे, मऊ अन्न अनेकदा द्यावे. पेज, मऊ भात, खिचडी, ताक-भात असे जे सोसेल ते चालेल. उलटी झाल्यास अर्ध्या तासाने पुन्हा थोडे खाऊ घालावे. उबळीनंतरचा काही काळ अन्न पोटात टिकण्यास बरा असतो. पाणी घोट घोट पाजत राहावे.

घरातील धूर पूर्णपणे टाळावा. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, डासांची कॉइल, उदबत्ती आणि बाळंतिणीच्या खोलीतील ओव्याची धुरी या सर्वांनी उबळ वाढते. एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध देण्यास हरकत नाही. त्याने घशाला आराम पडतो. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये.

रात्रीच्या जागरणाची वाटणी करावी. बहुतेक घरांत हे जागरण एकट्या आईच्या वाट्याला येते आणि तिसऱ्या आठवड्यात तीच आजारी पडते. वडिलांनी, आजी-आजोबांनी एक रात्रीआड पाळी घ्यावी. ‘मुद्दाम खोकतोस’ असे मुलाला कोणीही म्हणू नये. उबळ त्याच्या इच्छेने येत नाही. संसर्गाचा काळ संपून मूल शाळेत जाऊ लागले की वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यावी : खोकला काही आठवडे राहील, तो आता पसरणारा नाही, उबळ आल्यास मुलाला न विचारता वर्गाबाहेर जाऊ द्यावे. अशा एका चिठ्ठीने मुलाची मानहानी टळते. पुढील काही महिन्यांत साधी सर्दी झाली तरी तसाच खोकला पुन्हा येऊ शकतो. तो आजार उलटल्याचे लक्षण नव्हे.

पुढील लक्षणांत मात्र वेळ न दवडता रुग्णालय गाठावे : ओठ वा चेहरा काळानिळा पडणे, श्वास थांबणे, उबळींच्या मधल्या काळातही धाप लागणे, झटके येणे, शुद्ध हरपणे, पाणीही पोटात न टिकणे, लघवीचे प्रमाण फार घटणे किंवा नव्याने जोराचा ताप येणे.

पाळण्यातील बाळ

घरात एकाला डांग्या खोकला झाल्यास, प्रतिकारशक्ती नसलेल्या दर १० माणसांपैकी ८ ते ९ जणांना त्याची लागण होऊ शकते. मोठ्या मुलासाठी हा त्रासाचा आजार आहे. सहा महिन्यांखालील बाळासाठी तो प्राणघातक ठरू शकतो. अशा बाळाला खोकला येईलच असे नाही. दूध ओढण्यास दमणे, श्वास मध्येच थांबणे, रंग पालटणे एवढीच त्याची भाषा असते.

म्हणून खोकणाऱ्या मुलाने बाळाच्या खोलीत जाऊ नये, त्याचे पापे घेऊ नयेत. भावंडांना हे कठोर वाटते. त्यांना कारण समजावून सांगावे. घरातील सर्वांनी, खोकला असो वा नसो, डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही हे ताबडतोब ठरवावे. घरात बाळ किंवा गरोदर स्त्री असल्यास हे विशेष महत्त्वाचे आहे.

लसीविषयी

या रोगावरील परिणामकारक लस सिद्ध होण्यात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन महिला शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. १९३० च्या दशकात, आर्थिक मंदीच्या काळात, अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात त्या दिवसभराचे काम संपल्यावर संध्याकाळी घरोघरी जात आणि आजारी मुलांना काचेच्या बशीवर खोकावयास सांगून नमुने गोळा करीत. त्या खोकल्यांतून आजची लस उभी राहिली.

लस थांबविल्यास काय होते, हे जपानने अनुभवले. तेथे १९७४ मध्ये या रोगाचे सुमारे ४०० रुग्ण होते. लसीनंतर दोन बालकांचा मृत्यू झाल्याने १९७५ मध्ये लसीकरण काही काळ थांबविण्यात आले आणि लोकांचा विश्वास उडाला. १९७९ मध्ये तेथे सुमारे १३,००० रुग्ण झाले आणि ४१ मृत्यू पावले.

भारतात १९७८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस त्रिगुणी स्वरूपात दिली जाऊ लागली. आता सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती पंचगुणी लसीतून मिळते. १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचे वर्धक डोस असतात. शाळाप्रवेशाच्या वयातील हा दुसरा वर्धक डोस पुष्कळ घरांतून राहून जातो. १० आणि १६ व्या वर्षी शासकीय कार्यक्रमात मिळणारी ‘टीडी’ लस धनुर्वात व घटसर्पाची आहे. तीत डांग्या खोकल्याचा अंश नाही. त्याकरिता ‘टीडॅप’ नावाची वेगळी लस असून, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना ती दहा वर्षांच्या सुमारास देण्याची शिफारस करते. गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान मातेने ती घेतल्यास तिची प्रतिद्रव्ये बाळाला जन्मापूर्वीच मिळतात आणि पहिल्या लसीपर्यंतचे धोक्याचे आठवडे सुरक्षित होतात. किरकोळ सर्दीसाठी बाळाची लस पुढे ढकलू नये, ही विनंती आम्ही येथे पुन्हा करतो.

समारोप

लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेल्या बाळाच्या उपचारांचा भार निर्धन रुग्ण निधीने उचलला. त्या बारा दिवसांत अतिदक्षता कक्षातील खाट, प्राणवायू आणि रात्रभर बाळाच्या श्वासावर नजर ठेवणाऱ्या परिचारिका उपलब्ध होत्या, याचे श्रेय आमच्या दात्यांना आहे. त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

परंतु त्या बाळाला दाखल करण्याची वेळच आली नसती, तर ते अधिक चांगले झाले असते. त्या प्रसंगानंतर आमच्या बालरुग्ण विभागात दोन आठवड्यांवरील खोकल्याच्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर तीन प्रश्न लिहिले जातात : खोकल्यानंतर उलटी होते का? रात्री काय होते? घरात तान्हे बाळ वा गरोदर स्त्री आहे का? या प्रश्नांना खर्च काहीच नाही. आम्ही ते विचारण्यास विसरलो, तर पालकांनी आपण होऊन त्यांची उत्तरे आम्हांस सांगावीत. रात्री मुलाच्या उशाशी जागणाऱ्या माणसाला जे दिसते, ते दिवसा तपासणाऱ्याला दिसत नाही.